पन्नासपर्यंत म्हणतो, पण पाच बटाटे आणता येत नाहीत: चित्रपुस्तकातून मोजणं कसं शिकवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा चार वर्षांचा. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणतो. पण आईने "टोपलीतले पाच बटाटे आण रे" म्हटलं की ओंजळीत मावतील तेवढे घेऊन येतो. अंकांची तीन चित्रपुस्तकं घरात आहेत, रोज रात्री वाचलीही जातात. पान उघडलं की तो चित्राकडे न बघता "एक-दोन-तीन-चार" करत पुढे पळतो. पुस्तकं चुकीची आणली का, की वाचायची पद्धत चुकतेय, असं आईने विचारलंय.

ताई, मुलाचं काही अडलेलं नाही, आणि पुस्तकंही बहुधा ठीकच असतील. माझी सत्तावीस वर्षं आधी बालवाडीत शिकवण्यात आणि मग अंगणवाडीच्या सेविकांबरोबर काम करण्यात गेली. तुमच्या मुलासारखी मुलं मला दर वर्षी भेटली. तो जे म्हणतो ती उजळणी. गाण्याच्या ओळी पाठ व्हाव्यात तशी ती पाठ झालीय. ती हवीच, कारण शब्दांचा क्रमच पक्का नसेल तर मूल मोजणार कशाने? पण बोट ठेवून मोजणं ही त्याच्या पुढची पायरी आहे, आणि मोजून झाल्यावर "म्हणजे किती" हे कळणं ही आणखी पुढची. या तिन्ही गोष्टी एकदम येत नाहीत. मधे महिने जातात, कधी वर्षही जातं.

मोजण्यात नेमकं काय काय दडलेलं असतं, हे रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली फार नेटकेपणाने मांडलं. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम कायम तोच. शेवटी जो शब्द आला तीच एकूण संख्या. मोजायला काहीही चालतं, पिल्लं काय नि टाळ्या काय. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर बदलत नाही. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की यात पाच गोष्टी आहेत हेच विसरायला होतं.

पुढे १९९०च्या सुमाराला मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी लहान मुलांना वस्तू मागून बघितल्या: "मला एक दे, दोन दे, तीन दे." त्यात दिसलं की मुलाला आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो. दोन मागितले की ते मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' कळतो, मग 'तीन', आणि मग एका टप्प्यावर मोजून द्यायचं असतं ही युक्तीच सापडते. एकदा ती सापडली की पाच असो वा आठ, मूल मोजून देऊ लागतं. तुम्ही बटाटे मागितलेत तेव्हा नकळत हीच चाचणी घेतलीत. आता ती जरा शांतपणे घ्या. स्वयंपाक करताना सहज एक बटाटा मागा, मग दोन, मग तीन, मग चार. कुठे गडबड होते ते बघा आणि त्याला काही बोलू नका. समजा तीन बरोबर आणले आणि चारला मूठ भरली, तर पुस्तकातलं चारचं पान हे सध्या त्याचं पान. नऊ-दहाची पानं बघायला छान आहेत, बघू दे, पण तुमची मेहनत चारवर.

आता मुख्य मुद्दा. आपण सगळे पान उघडलं की विचारतो, "किती आहेत? मोज बरं!" मीही कितीतरी वर्षं हेच करत होते. मूल मोजतं, "एक, दोन, तीन, चार", आपण "शाब्बास" म्हणतो आणि पान उलटतं. यात मुलाच्या हाती काय लागलं? चार शब्द एकामागून एक आले, संपले. त्यातला शेवटचा 'चार' म्हणजे ही अख्खी टोळी, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या लेखी 'चार' हे शेवटच्या पिल्लाचं नाव आहे.

हे मी शब्दशः बघितलंय. कोंबडी आणि तिची पाच पिल्लं असं एक पान होतं. डावीकडून चार पिल्लं ओळीत, पाचवं डालग्याच्या आडून डोकावतंय. एका मुलीने बोट टेकवत पाचही बरोबर मोजली. मी विचारलं, "मग पाच कुठंयत?" तिने डालग्यामागच्या पिल्लावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "आता आपण इकडून मोजू या," आणि डालग्याकडून सुरुवात केली. पाचवा शब्द दुसऱ्या टोकाच्या, कोंबडीच्या पंखाजवळच्या पिल्लावर आला. ती थबकली. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि म्हणाली, "आता हा पाच झाला?" तिच्या डोक्यात काय हललं ते मला त्या क्षणी दिसलं. त्या दिवशी आम्ही ते पान चारदा मोजलं, दर वेळी वेगळ्या पिल्लापासून, आणि दर वेळी शेवटी मी तळहात अख्ख्या चित्रावरून गोल फिरवून म्हणायचे, "पाच. सगळी मिळून पाच पिल्लं."

म्हणून पद्धत अशी. आधी उत्तर सांगून टाका, लगेच मोजा, आणि उत्तर पुन्हा सांगा. "बघ, चार चिमण्या! एक, दोन, तीन, चार. चार चिमण्या." उत्तर आधीच सांगितलं तर मूल शिकणार काय, अशी शंका सेविकाही मला विचारतात. पण शिकायचं ते याच जोडणीतून. आधी ऐकलेला 'चार' आणि मोजता मोजता शेवटी आलेला 'चार' एकच आहे, हे मुलाला दोन्ही जवळजवळ ऐकल्यावरच पकडता येतं. संशोधिका केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर हे तपासलं. काहींसमोर नुसतं मोजलं, काहींना नुसती संख्या सांगितली, आणि काहींना संख्या सांगून लगेच मोजून दाखवलं. स्पष्ट प्रगती झाली ती या शेवटच्या गटाची. शिकागोतल्या कुटुंबांच्या एका अभ्यासात (२०११) असंही आढळलं की ज्या घरांत लहानग्यांशी समोर दिसणाऱ्या वस्तूंच्या संख्येबद्दल बोलणं व्हायचं, आणि तेही एक-दोन-तीनवर न थांबता चार ते दहाच्या गटांबद्दल, त्या घरांतल्या मुलांना पुढे 'किती'चा अर्थ जास्त चांगला कळलेला होता. हवेत म्हटलेल्या अंकांचा तसा उपयोग दिसला नाही. तुमच्या हातात पुस्तक आहे, म्हणजे समोर वस्तू आहेतच. फक्त थांबायचं आहे.

तो पळतो, थांबत नाही, हीच तर तुमची तक्रार. त्याला थांबवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याचं बोट तुमच्या हातात घ्या. एक चित्र, बोट टेकलं, शब्द. पुढचं चित्र, बोट टेकलं, शब्द. मराठीत एक गंमत होते, तिकडे लक्ष ठेवा. पाचपर्यंतचे शब्द एका झटक्यात संपतात, पण 'सहा', 'नऊ', 'दहा' यांना दोन ठोके आहेत. मुलं "स" म्हणताना एका चित्रावर आणि "हा" म्हणताना पुढच्यावर बोट ठेवतात, आणि मग सात चित्रं मोजून सहा उत्तर येतं. आपल्याला वाटतं मुलाने एक गाळलं. त्याने गाळलेलं नसतं, एका शब्दाला दोन चित्रं दिलेली असतात. सहाच्या पानावर येताना बोट जरा जास्त वेळ दाबून धरा, "सहा" पूर्ण होईपर्यंत. दोन-तीन रात्रींत फरक दिसतो.

आणखी एक अडचण आहे, ती चित्राचीच. चिंचोके मोजताना मूल मोजलेला चिंचोका बाजूला सरकवतं. पुस्तकातली पिल्लं सरकत नाहीत. ओळीत असतील तर ठीक, पण पानभर विखुरलेली असली की कुठली मोजून झाली हे मोठ्यांनाही पटकन कळत नाही. अशा पानावर मी चिंचोके देते. प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर एक चिंचोका ठेवायचा. सगळ्यांना मिळाला? कुणी राहिलं? मग सगळे चिंचोके उचलून जमिनीवर ओळीने मांडायचे आणि मोजायचे. "सात चिंचोके. मग पिल्लं किती?" हा प्रश्न चार वर्षांच्या मुलासाठी खरोखर अवघड आणि खरोखर सुंदर आहे. काही मुलं लगेच "सात" म्हणतात, काही पुन्हा पुस्तकाकडे वळून पिल्लं मोजू लागतात. वळू द्या. दोन्हीकडे सातच आले की चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. चिंचोके नसतील तर राजमा, बटणं, काहीही चालेल, फक्त तोंडात घालणारं धाकटं भावंड जवळ असेल तर जपून.

पुस्तकांबद्दल विचारलंत. '१ – एक आंबा, २ – दोन केळी' अशा पुस्तकांना मी वाईट म्हणणार नाही, पण त्यात मोजायला काही कारणच नसतं. आंबा एक आहे हे मुलाला दिसतंच, मोजायचं कशासाठी? त्यापेक्षा साधं गोष्टीचं चित्रपुस्तक घ्या, ज्यात मोजलं नाही तर काहीतरी अडेल. मला स्वतःला पंगतीची चित्रं फार आवडतात. सहा जण मांडी घालून बसलेत, पत्रावळी पाचच. कुणापुढे पत्रावळ नाही? आणखी किती लागतील? इथे मूल न सांगता मोजतं, कारण एक जण उपाशी राहणार असतो. एका सेविकेच्या वर्गात अशा चित्रावर एक मुलगा चक्क रडवेला झाला होता आणि घाईघाईने पिंपळाचं पान आणून त्याने त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. एकास एक जोडणं याहून चांगलं कुठल्या तक्त्याने शिकवलं असतं मला माहीत नाही. गोष्टीत भाकरी वाटायच्या असोत, चपलांच्या जोड्या हरवलेल्या असोत, बसमध्ये माणसं चढत-उतरत असोत, हेच काम होतं.

अंकांचं पुस्तक निवडताना मी एवढंच बघते की मोजायची वस्तू कुठली हे पानावर स्पष्ट आहे का. पाच पोपटांच्या पानावर सोबत सात पेरू, तीन फुलपाखरं आणि एक माकड असेल तर मूल काहीही मोजेल आणि त्याचं बरोबरच असेल. वस्तू एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तीन वर्षांच्या मुलाला पाचपर्यंतचं पुस्तक पुरतं, चारच्याला दहापर्यंतचं. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता आणि छापता येतात. छापून घ्या असंच मी सांगेन. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवलं की पान हलतं नाहीतर मोठं होतं, आणि आपल्याला तर बोट टेकवायचंच आहे.

पण सगळ्यात उपयोगी पुस्तक तुम्ही स्वतः शिवलेलं. महाग साधनांच्या जागी भोवतालची पानं, बिया, शिंपले वापरून शिकवता येतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला कितीतरी वर्षं करून दाखवलंय. मी सेविकांना टिकल्यांचं पुस्तक करायला लावते. जुन्या कॅलेंडरची जाड पानं घ्या, पाठची कोरी बाजू वर येईल अशी दुमडून मधे सुई-दोऱ्याने टाका घाला. एका पानावर तीन टिकल्या ओळीत, पुढच्यावर तीन त्रिकोणात, त्याच्या पुढे दोन जवळ आणि एक लांब कोपऱ्यात. तिन्ही पानांवर तीनच. पान झटकन उघडून झटकन मिटायचं: "किती होत्या?" तीनपर्यंतची, कधी चारपर्यंतची संख्या आपल्याला न मोजता दिसते, मुलांनाही दिसते. ते दिसणं आणि मोजणं जुळलं की 'तीन' पक्का होतो. मग पाच करा: चार चौकोनात आणि एक मधे. चार आणि एक पाच, हे बेरीज न शिकवता कळतं. शेवटचं पान कोरं ठेवा. मूल विचारतंच, "इथे टिकल्या कुठंयत?" "एकही नाही. शून्य." शून्य शिकवायला मला आजवर कोऱ्या पानाहून चांगलं काही मिळालेलं नाही.

माणसांच्या चित्रांवर आपल्या भाषेचा एक जास्तीचा फायदा घ्या. चिमण्या 'दोन', पण मुली 'दोघी'. आंबे तीन, पण मुलं 'तिघं', मग 'चौघं'. हे शब्द मोजण्याच्या माळेत येत नाहीत, ते सरळ गटालाच चिकटतात. "ते तिघं कुठे निघालेत?" असं म्हटलं की मूल तिघांना एकत्र बघतं. भाषेने मुलाला अशी मदत होते याचा एक बोलका पुरावा बाहेरचा आहे. स्लोव्हेनियन आणि सौदी अरबी भाषांत दोनच वस्तूंसाठी नामाचं वेगळं रूप असतं, आणि तिथली मुलं 'दोन'चा अर्थ लवकर शिकतात असं २०१३च्या एका अभ्यासात दिसलं. मराठीवर तसा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण 'दोघं-तिघं' घरात सारखं कानावर पडलेली मुलं लहान संख्यांत सहसा अडखळत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव.

इंग्रजी माध्यमाचं विचारलेलं नाहीत, तरी पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून सांगते. शाळेत वन-टू-थ्री, घरी एक-दोन-तीन, गोंधळ होईल का? २०१५ साली दोन भाषा बोलणाऱ्या मुलांवर, इंग्रजी-स्पॅनिश आणि इंग्रजी-फ्रेंच, झालेल्या अभ्यासात असं दिसलं की एक, दोन, तीन या छोट्या शब्दांचे अर्थ मूल प्रत्येक भाषेत वेगळे शिकतं, पण मोजून किती ते सांगायची युक्ती एका भाषेत कळली की ती दुसऱ्या भाषेतही बहुतेक चालते. म्हणजे घरी मराठीत केलेली मेहनत वाया जात नाही. फक्त एका पानावर एकच भाषा ठेवा. "एक, दोन, थ्री, फोर" असं मिसळू नका.

वीसच्या पुढच्या आकड्यांसाठी सध्या जीव काढू नका. आपले 'एकोणतीस', 'त्रेचाळीस', 'सदुसष्ट' हे शब्द खरोखर अवघड आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी सोपी रूपं आली तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि मुलांची अडचण खरी आहे हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पण तो दुसरीचा प्रश्न. तुमचा मुलगा पन्नासपर्यंत म्हणतो, छान आहे, त्याला गाडीत बसल्यावर म्हणू दे. पुस्तक उघडल्यावर दहाच्या आत. लिहायलाही इतक्यात लावू नका. ३ आणि ६, १ आणि ९ उलटसुलट होतातच, त्याचा मोजण्याशी संबंध नाही.

रोज रात्री किती करायचं? नवीन पुस्तक पहिल्या वेळी नुसतं वाचा, मोजू नका. गोष्ट आवडू दे. दुसऱ्या रात्रीपासून एका पानावर मोजा, फार तर दोन. प्रत्येक पानावर मोजलं की गोष्ट मरते, आणि गोष्ट मेली की मूल पुस्तकापासून उठून जातं. चुकला तर "चूक" म्हणू नका. "थांब, मी मोजते, तू बघ," म्हणा आणि मुद्दाम एखादं चित्र दोनदा मोजा. त्याला तुमची चूक पकडू दे. दुसऱ्याची चूक मुलं स्वतःच्या चुकीआधी ओळखू लागतात, आणि तुमची चूक ओळखली की त्या रात्री ते पान त्याला दहादा हवं असेल.

महिन्याभराने पुन्हा बटाटे मागा. पाचच मागा. कदाचित चारच आणेल, कदाचित सहा. संख्येकडे नंतर बघा. आधी दारातून कान देऊन ऐका, टोपलीशी बसून तो एकेक बटाटा उचलताना ओठांतल्या ओठांत काही म्हणतोय का. म्हणत असेल तर त्याला मोजायची युक्ती सापडली आहे. मग बटाटे ओट्यावर मांडून घ्या आणि दोघं मिळून एकदा बोट टेकवून मोजा.